अर्धवट गेमचे पैसे द्यायचे, आणि चुकाही आपणच शोधायच्या?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

मोर्शी तालुक्यातल्या एका खेड्यातून २३ वर्षांच्या मुलीने लिहिलं आहे. अमरावतीला बीसीए करून ती गावी परतली. ग्रामपंचायतीच्या आपले सरकार सेवा केंद्रात ऑपरेटर आहे. महिन्याला ७,००० मिळतात, त्यातले ५,००० घरी देते. रात्री जेवणं आटोपली की जुन्या लॅपटॉपवर, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ऑनलाइन गेम खेळते.

गेल्या वर्षी तिने ६५० रुपयांना एक अर्धवट असतानाच विकायला काढलेला, म्हणजे अर्ली अ‍ॅक्सेस गेम घेतला. सुरुवातीला अपडेट येत होते, आता आठ महिने काहीच हालचाल नाही. आता एक नवीन ऑनलाइन गेम आहे. युरोपातले चार जण मिळून तो बनवताहेत. मोफत चाचणीचा एक आठवडा ती खेळली, सापडलेल्या चुका डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर कळवल्या, आणि टीममधल्या एकाने सगळ्यांसमोर तिचं नाव घेऊन आभार मानले. पुढचा टप्पा म्हणजे बंद अल्फा, म्हणजे अगदी कच्च्या गेमची मोजक्या लोकांपुरती चाचणी. तो फक्त 'फाउंडर पॅक' घेणाऱ्यांसाठी, म्हणजे सुरुवातीलाच पैसे भरणाऱ्यांसाठी. किंमत ३५ डॉलर, म्हणजे ३,००० च्या वर. ऑफर महिनाअखेरीस संपते.

बाबा म्हणाले, "काम आपन करा, अन् वरून पैसेबी आपनच द्या? हे कोन्तं काम हाय?" दादाला हा रमीचाच प्रकार वाटतो. तिला वाटतं, या अनुभवातून पुढे गेम टेस्टिंगची नोकरी मिळेल. शिवाय आपल्यासारख्यांनी पैसे दिले नाहीत तर गेम बंद पडेल, याचीही रुखरुख आहे. ती विचारते: "ताई, पॅक घेऊ का? आणि घरी न सांगता घेतला तर चालेल का?"

उत्तर:

तुझ्या पत्रात ३५ डॉलरच्या एकाच पाकिटात चार गोष्टी कोंबलेल्या आहेत. खेळायची हौस, त्या चौघांना मदत करायची इच्छा, नोकरीची आशा, आणि इतक्या लांबच्या कुणीतरी आपलं नाव घेतलं याचा आनंद. पाकीट एकच असल्यामुळे किंमत रास्त की जास्त, हे तुला ठरवता येत नाहीये. म्हणून एकेक गोष्ट बाहेर काढून पाहू.

दादाचा मुद्दा आधी घेते, कारण तो लवकर निकालात निघतो. रमी, तीनपत्तीच्या अ‍ॅपमध्ये माणूस पैसे लावतो ते जास्त पैसे जिंकायच्या आशेने. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्यात बंदी आहे ती अशा पैशांच्या खेळांवर. तू घेऊ पाहतेस तो पॅक म्हणजे साधी खरेदी आहे. त्यातून पैसे जिंकायचे नाहीत, हरायचे नाहीत. पण दादाला हे सांगताना आवाज चढवू नकोस. मोबाइलवरच्या रमीपायी कर्जात गेलेली माणसं आपल्या भागात आहेत, आणि घरातल्या थोरल्याला त्याची धास्ती वाटणं साहजिक आहे.

बाबांचा प्रश्न मात्र वजनदार आहे. गेमच्या धंद्यात चुका शोधणं हे पगारी काम आहे. मोठ्या कंपन्यांत त्याचे वेगळे विभाग असतात. बाहेरच्या खेळाडूंना बोलवायचं तर पूर्वी 'बीटा'चं, म्हणजे जवळजवळ तयार गेमच्या चाचणीचं आमंत्रण निघायचं, तेही फुकट. मग खेळणाऱ्याकडूनच पैसे घ्यायची रीत कुठून आली? याचं ठळक उदाहरण माइनक्राफ्ट हा गेम. मार्कुस पर्सन या स्वीडिश प्रोग्रामरने २००९ मध्ये तो अर्धवट असतानाच विकायला सुरुवात केली आणि २०११ च्या नोव्हेंबरात पूर्ण आवृत्ती काढली. त्याच्यामागे कुणी भांडवलदार नव्हता, खेळणाऱ्यांच्या पैशांवरच काम पुढे सरकलं. २०१३ मध्ये स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाने 'अर्ली अ‍ॅक्सेस' नावाने याच पद्धतीला जागा दिली. तेव्हा पैसे घेऊन कच्चा गेम देणं म्हणजे फसवणूकच, असं बाबांना वाटत असेल तर ते तितकंसं खरं नाही. चार माणसांची टीम आहे, कर्ज कुणी देत नाही, दोन-तीन वर्षं पोट भरायचं आहे. पैसे कुठून आणतील?

पण याच माइनक्राफ्टमधली एक गोष्ट बघ. गेम कच्चा होता तेव्हा तो स्वस्त होता. अल्फात साधारण १० युरो, बीटात त्याहून जास्त, पूर्ण झाल्यावर जवळजवळ दुप्पट.

मोर्शीच्या मुलीला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. संत्र्याचा आंबिया बहार झाडावर हिरवा असतानाच व्यापारी बगीचा बघायला येतो. ओळीओळीतून फिरतो, फळ मोजतो, इसार देतो. पुढे फळगळ झाली, गारपीट झाली, तर नुकसान त्याचं, असा सौदा असतो. म्हणून तोडणीच्या वेळच्या भावापेक्षा तो कमी भाव लावतो, आणि बाबाही हिशेब करूनच हो म्हणतात. धोका जो घेतो त्याला भावात सूट मिळते. शिवाय व्यापारी पैसे लावतो ते आज झाडावर दिसणाऱ्या फळांवर, पुढच्या वर्षी लावायच्या कलमांवर नाही.

तुझ्या फाउंडर पॅकमध्ये हे सगळं उलटं झालं आहे. सगळ्यात कच्चा माल, सगळ्यात जास्त धोका, आणि सगळ्यात जास्त किंमत. हाच गेम वर्षभराने अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आला तर बहुतेक निम्म्या किमतीत येईल. आता त्यांची बाजूही सांगते, कारण ती खोटी नाही. चार जणांना पाच हजार लोकांच्या तक्रारी वाचणं झेपत नाही. किंमत चढी ठेवली की मोजकेच लोक येतात, आणि जे येतात ते मनापासून येतात. त्यांच्यासाठी ही गाळणी ठीक आहे. पण या गाळणीतून कोण आत जातं? ज्याला ३५ डॉलर म्हणजे एका संध्याकाळचं जेवण वाटतं तो. तुझ्या हातात महिन्याला २,००० उरतात, त्यात तुझा रिचार्जही येतो. तुझ्या निष्ठेची परीक्षा त्या किमतीवरून होत नाही, हे मनात पक्कं कर.

आता ऑनलाइन या शब्दाकडे वळू, कारण खरी मेख तिथे आहे. तू ६५० ला घेतलेला गेम आठ महिने रखडलाय. पण तो एकट्याने खेळायचा असेल तर जसा आहे तसा लॅपटॉपवर चालतो तरी. ऑनलाइन गेमचं तसं नसतं. तो चालतो कंपनीच्या सर्व्हरवर. सर्व्हर बंद, की तुझ्या लॅपटॉपवरची फाइल नुसती जागा अडवणार. 'द डे बिफोर' या ऑनलाइन गेमचं काय झालं ते बघ. ७ डिसेंबर २०२३ ला तो अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आला. चार दिवसांनी स्टुडिओनेच बंद होत असल्याचं जाहीर केलं. २२ जानेवारी २०२४ ला सर्व्हरही गेले. घेणाऱ्यांना पैसे परत मिळाले, पण गेम स्टीमवरून विकला गेला होता म्हणून ते शक्य झालं. डेव्हलपरच्या, म्हणजे गेम बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवर पैसे भरले असते तर काय झालं असतं, याचा विचार कर. तुझा पॅक त्यांच्या वेबसाइटवरच आहे, असं तू लिहिलं आहेस.

याच्या उलट व्हॅल्हाइम हा गेम. तोही स्वीडनमधल्या छोट्या टीमचा. २०२१ च्या फेब्रुवारीत अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आला आणि महिनाभरात त्याच्या ५० लाख प्रती खपल्या. तसं यश हजारात एखाद्याला मिळतं, ते बाजूला ठेव. मला त्यातली दुसरी गोष्ट मोलाची वाटते. त्यात खेळणारे आपला स्वतःचा सर्व्हर लावू शकतात. कंपनीचं उद्या काहीही होवो, चार मैत्रिणी मिळून खेळायचं म्हटलं तर खेळता येतं. कच्चा ऑनलाइन गेम विकत घेताना मी पहिला प्रश्न हाच विचारेन: तुम्ही बंद झालात तर आम्हाला स्वतःचा सर्व्हर लावता येईल का? याचं सरळ उत्तर देणारी टीम आणि "आमचं भविष्य उज्ज्वल आहे" असं सांगणारी टीम, यांच्यातला फरक तुला पहिल्या ओळीतच कळेल.

दुसरा प्रश्न अल्फातल्या प्रगतीचा. बंद अल्फात कमावलेलं सगळं मधूनमधून पुसलं जातं, त्याला वाइप म्हणतात. तीन आठवडे रात्री जागून बांधलेलं घर एका अपडेटमध्ये जातं. चाचणीसाठी ते गरजेचं असतं, पण आधी माहीत नसेल तर माणूस खट्टू होतो. तिसरी गोष्ट डेटाची. कच्च्या गेमचे अपडेट नुसत्या दुरुस्तीचे येत नाहीत, कित्येकदा अख्खा गेम पुन्हा उतरवावा लागतो. दिवसाला दीड जीबीच्या पॅकवर चार जीबीचा अपडेट म्हणजे तीन दिवस, किंवा जास्तीचा रिचार्ज. हा खर्च ३५ डॉलरमध्ये कुणी धरत नाही. तू धर.

आणि किती दिवस? २०१२ मध्ये 'स्टार सिटिझन' या गेमसाठी लोकांकडून पैसे गोळा व्हायला लागले. दहा वर्षं उलटली तरी पैसे दिलेले लोक अल्फाच खेळत होते. त्यातल्या अनेकांना ते मान्य आहे, त्यांना त्या अर्धवट गेममध्येही मजा येते. मान्य असेल तर काहीच हरकत नाही. स्टीम स्वतः अर्ली अ‍ॅक्सेसच्या प्रत्येक पानावर हेच सांगतं: आज आहे त्या अवस्थेत हा गेम खेळावासा वाटत नसेल तर थांबा. ती ओळ सहसा कुणी वाचत नाही.

आता नोकरीकडे येते, कारण तुझं मन तिथे अडकलंय असं पत्रावरून वाटतं. गेम टेस्टिंगच्या नोकऱ्या आहेत, पुण्यात आहेत, बेंगळुरूत आहेत. पण मुलाखतीत "मी फाउंडर पॅक घेतला होता" या वाक्याला काही किंमत नाही. घेणारा बघतो ते हे, की तुला चूक नेमकी मांडता येते का. आणि इथेच बंद अल्फाची एक अडचण आहे. बऱ्याच बंद चाचण्यांमध्ये गुप्ततेचा करार असतो. आत काय पाहिलं ते बाहेर दाखवायचं नाही, लिहायचं नाही. म्हणजे तू सहा महिने उत्तम काम करशील आणि त्यातलं एक पानही कुणाला दाखवता येणार नाही. त्या पॅकच्या अटींमध्ये असा करार आहे का, ते आधी वाच.

तुझ्याकडे दाखवण्यासारखं आहे ते वेगळंच आहे. तू लिहिलंस, की रात्री लाइट गेली, थोड्या वेळाने टॉवरही गेला, हॉटस्पॉट तुटला. परत जोडलं तर तुझं पात्र नदीच्या मधोमध उभं आणि पिशवी रिकामी. टीममधल्याने आभार मानले ते याच तक्रारीसाठी. का, ते सांगते. युरोपात बसलेल्या त्या चौघांचं नेट तुटतच नाही. दोन मिनिटं गेलेलं कनेक्शन परत आलं की काय होतं, हे त्यांना आपल्या टेबलावर बसून सहज दिसत नाही. तुला ते आठवड्यातून चारदा दिसतं. शिवाय दिवसभर तू सेवा केंद्रात हेच करतेस. उत्पन्नाचा दाखला अडकला, तर नेट गेलं की सर्व्हर गेला की अर्जदाराचं नाव आधारवर वेगळं आहे, हे एकेक तपासत जातेस. बिघाडाचं मूळ शोधायची ही सवय कुठल्याही पॅकमध्ये मिळत नाही.

फक्त मांडणी पक्की करायला हवी. डिस्कॉर्डवर तू लिहिलंस, "लाइट गेल्यावर सामान गायब झालं." तेच असं लिही: गेमची आवृत्ती अमुक. विंडोज १०, रॅम ८ जीबी, नेट मोबाइल हॉटस्पॉटचं. भारतीय वेळ रात्री ९.४०. नदी ओलांडत असताना नेट तुटलं, सुमारे दोन मिनिटांनी परत आलं. अपेक्षा होती की पात्र काठावर किंवा शेवटच्या जतन केलेल्या जागी दिसेल. प्रत्यक्षात ते पाण्यात होतं आणि पिशवीतल्या अकरा वस्तू नव्हत्या. मग हॉटस्पॉट मुद्दाम बंद करून पाच वेळा करून पाहिलं: नदीत असताना पाचही वेळा असंच झालं, जमिनीवर असताना एकदाही नाही. शेवटचं वाक्य लाख मोलाचं आहे. त्यावरून प्रोग्रामरला कळतं, की नेट तुटणं हे निमित्त आहे, खरी गडबड पाण्यातली जागा जतन करण्यात असावी. इंग्रजीची भीती असेल तर छोटी, साधी वाक्यं लिही. अशा अहवालात अलंकार लागत नाहीत, क्रम लागतो.

असे दहा-पंधरा अहवाल उघड्यावर, कुणालाही वाचता येतील अशा जागी असतील, तर तुझ्या अर्जासोबत जोडायला काहीतरी ठोस असेल. आणि त्यासाठी पैसे द्यावे लागत नाहीत. लुआन्टी नावाचा मुक्त, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेला गेम-मंच आहे, त्यात वेगवेगळे गेम उतरवून खेळता येतात; २०२४ पर्यंत त्याचं नाव माइनटेस्ट होतं. जुन्या लॅपटॉपवर चालतो, ऑनलाइन खेळता येतो, आणि त्याच्या चुकांची नोंदवही गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाइटवर सगळ्यांसाठी खुली आहे. व्हेलोरेन आहे, तोही मुक्त, ऑनलाइन आणि अजून घडतोय. पण तो तुझ्या लॅपटॉपला जड जाऊ शकतो, आधी बघून घे. 'झीरो ए.डी.' हा युद्धाचा गेम तर कित्येक वर्षं अल्फा म्हणूनच लोकांनी आनंदाने खेळला. हे सगळे स्वयंसेवक चालवतात. तिथे तुझा अहवाल कुणी बंद केला, दुरुस्त केला, त्यावर काय चर्चा झाली, हे तारखेसह राहतं.

स्टीमवरही 'प्लेटेस्ट' नावाची सोय आहे. त्यात डेव्हलपरला चाचणीचे पैसे घेता येत नाहीत. गेमच्या पानावर प्रवेश मागायचं बटण असतं, नंबर लागला की खेळायचं. वर्षातून तीनदा 'नेक्स्ट फेस्ट' असतो, तेव्हा येऊ घातलेल्या गेमचे शेकडो डेमो फुकट खुले होतात आणि बरेच डेव्हलपर त्या दिवसांत प्रतिक्रियांसाठी अक्षरशः डोळे लावून बसलेले असतात.

मोबाइलवर तर तुझी गरज त्यांना जास्त आहे. नोव्हेंबर २०२३ नंतर गुगल प्लेवर वैयक्तिक खातं उघडणाऱ्या नव्या डेव्हलपरला आपलं अ‍ॅप किंवा गेम सगळ्यांसाठी खुला करण्याआधी बंद चाचणी घ्यावीच लागते. आधी २० परीक्षकांची अट होती, डिसेंबर २०२४ मध्ये ती १२ वर आली, आणि ते बारा जण सलग १४ दिवस टिकायला हवेत. तुझ्या अमरावतीच्या वर्गातला कुणी गेम बनवत असेल तर तो आत्ता याच बारा माणसांच्या शोधात असेल. विचारून बघ. तिथे तू नुसती आकडा भरणारी परीक्षक न होता, वर लिहिलाय तसा एक नेटका अहवाल दिलास, तर त्याला आयुष्यभर लक्षात राहील.

"मी दिले नाहीत तर गेम बंद पडेल." या वाक्यावर मी बराच वेळ थांबले. ही भावना चांगली आहे आणि मला ती मोडायची नाही. पण तिचा भार तुझ्या खांद्यावर नाही. तो गेम तगेल की नाही, हे चौघांच्या कामावर, खर्चाच्या अंदाजावर आणि शेकडो खरेदीदारांवर ठरेल. तुझ्या ३,००० नी दुसऱ्या देशातल्या चार पगारांना जेमतेम तासाभराचा आधार मिळेल. तुझ्या नदीच्या अहवालाने त्यांचे कदाचित काही दिवस वाचले असतील. मदत तू आधीच केली आहेस, आणि ती पैशांपेक्षा मोठी होती. म्हणून त्यांना सरळ लिही. मोफत चाचणीत मी अमुक अहवाल दिले, पॅक मला परवडत नाही, वारंवार नेट तुटणाऱ्या भागातून चाचणी करणारी व्यक्ती हवी असेल तर मला अल्फाची 'की' (प्रवेशाचा कोड) द्याल का. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. छोट्या टीम कामाच्या माणसाला अशा कीज देतात. नाही म्हणाले तर निदान त्यांना तुझ्या कामाची किती गरज आहे ते तुला कळेल.

पण मोकळेपणाने एक सांगते. नुसती हौस म्हणूनही पैसे खर्च करायला तुला मुभा आहे. तू कमावतेस, घरी देतेस, आणि उरलेल्यातून स्वतःला आवडेल ते घेणं यात गैर काही नाही. गावातल्या मुलांनी क्रिकेटच्या किटवर खर्च केला तर कुणी त्याचा हिशेब मागत नाही, मग मुलीच्या गेमचाच हिशेब का? फक्त तो खर्च हौसेच्या खात्यात लिही, नोकरीच्या किंवा दानाच्या नको. वर्षाला या हौसेसाठी किती, हा आकडा आधीच ठरव. मी तुझ्या जागी असते तर १,५०० च्या पुढे गेले नसते, आणि एका वेळी एकच अर्धवट गेम घेतला असता.

घ्यायचाच झाला तर शक्यतो स्टीमसारख्या दुकानातून घे. तिथे खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेलं असेल तर पैसे परत मिळतात, कच्च्या गेमलाही हाच नियम आहे. म्हणून पहिले दोन तास नुसते भटकण्यात घालवू नकोस. तुझ्या लॅपटॉपवर, तुझ्याच हॉटस्पॉटवर, लोक खेळतात त्या वेळेला चालतो का, ते त्यात बघून घे. बाहेरून विकत घेतलेल्या कीला ही सोय लागू होत नाही. डेव्हलपरच्या वेबसाइटवर डॉलरमध्ये पैसे भरायचे असतील तर कार्डावर परदेशी व्यवहाराची सोय बँकेच्या अ‍ॅपमधून सुरू करावी लागते. व्यवहार झाला की ती लगेच बंद कर. बँक वरून परकीय चलनाचं शुल्क लावते, तेही धर. आणि त्या टीमचा गेल्या सहा महिन्यांचा इतिहास वाच. किती अपडेट आले, दिलेल्या तारखा पाळल्या का, उशीर झाला तर आधी सांगितलं की नंतर सारवासारव केली. येणाऱ्या गोष्टींच्या यादीपेक्षा झालेल्या गोष्टींची यादी बघायची.

तुझा तो ६५० चा गेम. दोन तासांपेक्षा जास्त खेळली आहेस आणि १४ दिवस कधीच गेले, तेव्हा ते पैसे गेले असं धर. पण त्याच्या पानावर प्रामाणिक परीक्षण लिही: किती तास खेळलीस, काय चांगलं होतं, शेवटचा अपडेट कधी आला. शिव्या नकोत. पुढच्या कुणाचे तरी ६५० त्यामुळे वाचतील.

घरी न सांगता घ्यावं का? नको. ३,००० ही तुमच्या घरात लपणारी रक्कम नाही. फवारणीच्या औषधाला पैसे कमी पडले त्या दिवशी ती आठवणारच, आणि मग दादाची रमीची शंका कायमची पक्की होईल. पॅक घेतला नाहीस तरी बाबांशी हे बोल. त्यांनी विचारलेला प्रश्न जगभरचे खेळाडू एकमेकांना विचारत असतात, त्यांना सांग तसं. आणि लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवून तो नदीचा अहवाल आणि त्याखालचं आभाराचं उत्तर मराठीत वाचून दाखव. तू रात्री नेमकं काय करतेस हे त्यांना कधी दिसलंच नसेल तर त्यांनी अंदाज तरी कशावरून बांधायचा?

हे सदर वाचणाऱ्या इतर मुलामुलींसाठी एक गोष्ट, कारण गेम टेस्टर या नावाखाली गावोगावी वेगळंच काही पोचतंय. टेलिग्रामवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज येतो: घरबसल्या गेम तपासा, रोज हजार कमवा. पहिल्या दोन कामांचे शंभर-दोनशे खरंच जमा होतात. मग मोठं काम 'अनलॉक' करायला आधी पैसे भरायला सांगतात, मग अजून, मग टॅक्सच्या नावाने आणखी. ही चाचणीही नाही आणि नोकरीही नाही, निव्वळ लूट आहे. खरी कंपनी नोकरी देण्यासाठी नोंदणी फी मागत नाही. पैसे गेले असतील तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम मध्येच अडवली जाण्याची शक्यता जास्त.

आणि तुझ्यासाठी शेवटचं. महिनाअखेरची तारीख जाऊ दे. ती तारीख त्यांच्या विक्रीची आहे, तुझ्या निर्णयाची नाही. आज की मागणारं पत्र पाठव, त्यात सर्व्हरचा आणि गुप्ततेच्या कराराचा प्रश्न विचार. उत्तर येईपर्यंत लुआन्टी उतरवून घे. तिथला पहिला अहवाल पाठवण्याआधी कुणाला तरी वाचून दाखवावासा वाटला तर मला पाठव, मी वाचेन.